लोअर आर्मचा बोल्ट तुटला? पाइप लावण्याआधी तो नक्की कुठे धरलाय ते बघा

आठ वर्षांत तिसऱ्यांदा तेच झालं. विजापूर रोडवरच्या गतिरोधकावरून गाडी उतरली की पुढच्या डाव्या चाकाखालून ‘खट्ट’ असा एकच आवाज यायचा, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग जरा बाजूला ओढल्यासारखं व्हायचं. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. त्याचा पुढचा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, गेला होता. जुळे सोलापुरातल्या घराच्या अंगणात गाडी वर घेतली, बुश धरणाऱ्या बोल्टला सतराची गोटी (सॉकेट) लावली, हँडलला चार फुटी पाइप घातला आणि अंगाचा भार टाकला. बोल्ट फिरला, पण मऊ. चिखलात पाय रुतावा तसा. मग ‘टक्’. डोकं गोटीत राहिलं, उरलेला बोल्ट आत.

तो मऊपणा नीट ओळखून ठेवा. बोल्ट सुटतो तेव्हा आधी एक करकर किंवा झटका येतो आणि मग हात हलका होतो. हात हलका न होता पाना नुसताच पुढे सरकत असेल तर बोल्ट सुटत नसतो, पिळवटत असतो. चार फुटांवर चाळीस किलोचा भार म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास न्यूटन-मीटर होतात. बारा एमएमच्या बोल्टला एवढा पिळा झेपत नाही. हे गणित मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, दुसऱ्या वेळी करूनही ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी डोकं उडाल्यावर मात्र घाई केली नाही, आणि उरलेला बोल्ट ब्रॅकेटला (बुश ज्यांच्यात बसतो त्या लोखंडी कानांना) धक्का न लावता बाहेर आला. त्या तिसऱ्या वेळचंच सविस्तर सांगतो.

दोन जागा, दोन वेगळे आजार

आपण ‘बोल्ट जाम आहे’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आटे असतात. आटे गंजले, तेल सोडा, तापवा, सुटेल. पण या बोल्टचा मार्ग बघा. एका बाजूने तो ब्रॅकेटच्या भोकातून शिरतो, मग बुशच्या पोटातल्या लोखंडी नळीतून आरपार जातो, आणि दुसऱ्या बाजूला क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईला) आतून वेल्ड केलेल्या नटात आवळला जातो. म्हणजे गंजायला दोन जागा आहेत. नटातले आटे ही एक, आणि बोल्टचा सपाट दांडा व बुशची नळी यांच्यातली केसभर फट ही दुसरी. माझ्या अनुभवात बोल्ट जास्त वेळा दुसऱ्या जागी धरतो. फट अरुंद, पाणी शिरतं पण सुकत नाही, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने तो दांड्याला चारी बाजूंनी आवळत जातो.

‘सोलापुरात कसला आलाय गंज, हे काय कोकण आहे का,’ असं मला दोन जणांनी तरी सुनावलं आहे. पाऊस कमी, मान्य. पण आपल्याकडची काळी माती एकदा क्रॉसमेंबरच्या कोपऱ्यात जाऊन बसली की आठवडाभर ओल धरते. शिवाय वॉशिंग सेंटरवर बोअरचं क्षार असलेलं पाणी जोरात मारतात. ते पाणी वाळतं, क्षार मागे राहतात, पुढच्या धुण्यात पुन्हा भिजतात. त्या बोल्टसाठी आपण घरीच कोकण तयार करतो.

जाम कुठे आहे ते कळायला पाच मिनिटं लागतात. बोल्टच्या डोक्यावर खडूने किंवा पांढऱ्या मार्करने रेघ मारा. नटाच्या पलीकडे बोल्टचं टोक दिसत असेल तर त्यावरही मारा, आणि तिसरी रेघ बुशच्या नळीच्या काठावर. आता साध्या लांबीच्या हँडलने, पाइप न लावता, जरासा जोर द्या आणि कोणाला तरी टॉर्च घेऊन खाली बघायला सांगा.

डोकं थोडं फिरतंय, त्याच्याबरोबर बुशची नळीही फिरतेय, रबर पिळतंय आणि पाना सोडला की सगळं स्प्रिंगसारखं मागे येतंय, तर बोल्ट नळीत धरलाय. आटे कदाचित ठणठणीत असतील. कशालाच हालचाल नसेल तर बहुधा आटेच जाम आहेत, निदान आटे तरी नक्की. आणि डोकं फिरतंय पण पलीकडचं टोक जागचं हलत नाही, तर तिथेच थांबा. पुढचा अर्धा फेरा म्हणजे ‘टक्’.

चौथा प्रकार क्वचित होतो, पण होतो तेव्हा घाम फुटतो. डोकं आणि टोक दोन्ही गोल गोल फिरतात आणि बोल्ट बाहेर येत नाही. म्हणजे वेल्ड केलेला नट आत सुटलाय. तिथे क्रॉसमेंबरला खिडकी पाडून नट पान्याने धरण्याशिवाय मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही, आणि ते काम अंगणातलं नव्हे.

आट्यांचा जाम असेल तर

याला वेळ हेच औषध. तेल कुठलं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. डब्ल्यूडी-४० चालेल, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि एसीटोन निम्मं निम्मं मिसळून केलेलं घरगुती मिश्रणही चांगलं शिरतं. फक्त ते लगेच पेट घेतं, रंगावर पडलं तर रंग जातो, आणि दर वेळी हलवून वापरावं लागतं कारण दोन्ही वेगळी होतात. पण बोल्ट आडवा आहे. वरून मारलेलं तेल दोन मिनिटांत खाली ठिबकतं. म्हणून सुताचा पीळ करून टोकाभोवती गुंडाळा आणि तोच सकाळ-संध्याकाळ भिजवत राहा, तीन दिवस. यंत्रमागाच्या गावात वेस्ट सुताला काय तोटा?

तेल सोडण्याआधी एक काम करा, जे बहुतेक जण करत नाहीत. नटाच्या पलीकडे बाहेर आलेलं बोल्टचं टोक तारेच्या ब्रशने लखलखीत करा. वर्षानुवर्षं चिखल खाल्लेले ते आटे बोल्ट उलटा फिरवताना नटातून मागे ओढले जातात. बोल्ट पहिले दोन फेरे मजेत सुटतो, मग अचानक कडक होतो आणि तुटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. गंजलेलं टोक नटात अडकतं.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे मागांची देखभाल करायचे. जाम बोल्ट दिसला की त्यांचं एकच वाक्य असायचं, “आधी आवळ, मग सोड. एकदम ओढलास की जातंय बघ.” पाव फेरा पुढे, पाव मागे, तेल, पुन्हा पुढे. कडक लागलं की मागे हटायचं. डोक्यावर मधूनमधून हातोडीचे सरळ ठोके द्यायचे, त्या हादऱ्याने गंजाची पूड सुटते. एअर गन (हवेवर चालणारं, झटके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) असेल तर तिचे छोटे छोटे झटके पाइपच्या सलग ओढीपेक्षा बरे.

तापवण्याबद्दल. मे महिन्यात अंगणात ४३ डिग्री असतं, पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही, म्हणून बोल्ट आपोआप सैल होत नाही. नट आणि बोल्ट दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतात. फरक पडतो तो नट तापून बोल्ट तुलनेने थंड राहिला तर. बारा मिलिमीटरचं भोक ३०० डिग्रीने तापवलं तर ते साधारण चार शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा कवच फोडायला पुरतं. तापवून मग निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं. प्रत्येक फेरीत गंज थोडा भुगा होतो.

पण आसपास काय आहे ते आधी बघा. ब्रेकचा होज, एक्सेलचं रबरी बूट, एबीएसची वायर, बॉल जॉइंटचं (आर्मच्या चाकाकडच्या गोल सांध्याचं) ग्रीस. सीएनजीची गाडी असेल तर खालून जाणारी पाइपलाइन, तिच्या जवळपास ज्योत न्यायचीच नाही. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी गॅस लावू नका. त्यात क्लोरीनचं रसायन असेल तर तापल्यावर फॉस्जीन नावाचा विषारी वायू निघतो. दुसऱ्या खेपेला मी गॅसचा बर्नर लावला होता. बुशच्या रबराने पेट घेतला, तो विझवेपर्यंत एक्सेलचं बूट वितळलं. बोल्ट तर त्यानंतरही तुटलाच, कारण तो आट्यांत नव्हे, नळीत जाम होता. रोग पायाला, मलम गुडघ्याला.

नळीत जाम असेल तर सोडवू नका, कापा

नळीत धरलेल्या बोल्टला तेल जवळजवळ पोचतच नाही. दोन्ही टोकं ब्रॅकेटने दाबून बंद केलेली असतात. तापवायला जावं तर मधलं रबर आधी जळतं. आणि बुश तर तुम्ही तसाही बदलणार आहात. मग बुशवर दया कशासाठी? नवा बुश किंवा अख्खा आर्म, आणि नवा बोल्ट आधी हातात घ्या, मगच करवत उचला. नेमका बोल्ट गावात मिळाला नाही तर पुण्याहून येईपर्यंत दोन-तीन दिवस गाडी स्टँडवर राहते आणि घरचे विचारत बसतात.

गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर नाहीच. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा. आर्मचा बॉल जॉइंट आणि मागचा बुश आधी मोकळा करा, म्हणजे आर्म फक्त या एका बोल्टवर लटकतो आणि हलवून बघता येतो.

आता बुशच्या दोन्ही बाजूंना, ब्रॅकेटच्या आतल्या अंगाने कापायचं. बुश आणि ब्रॅकेट यांच्यात फट नसतेच, त्यामुळे कापायचं ते नळीच्या काठातून, नळी आणि बोल्ट एकदम. ब्लेड बुशकडे झुकलेलं असू दे. ब्रॅकेटला खोल चर पडली तर ती दुरुस्त होत नाही. बायमेटल ब्लेड, दर इंचाला २४ दात. फ्रेम बसत नसेल तर ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून हातानेच. मला एका बाजूला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्या बाजूला ब्लेड बदलून अर्धा तास. सावकाश, तेल सोडत. घाईने घासलं की दात तापून बोथट होतात. ग्राइंडरला एक मिलिमीटरची डिस्क लावून हे पाच मिनिटांत होतं, पण जागा अशी अवघड असते की डिस्क वाकडी होऊन फुटण्याची भीती. चष्मा आणि हातमोजे तर दोन्ही वेळी हवेतच.

दोन्ही काप पूर्ण झाले की आर्म, बुश आणि बोल्टचा मधला तुकडा एकत्र खाली येतात. वर उरतो तो नटातला तुकडा.

नटातला तुकडा

घाबरू नका, इथे निम्मं काम झालेलं असतं. बोल्ट आवळलेला असतो तेव्हा त्याच्यावर ताण असतो आणि तो ताण आट्यांना एकमेकांवर दाबून ठेवतो. बोल्ट कापला की ताण गेला. बऱ्याचदा तुकडा ग्रिप प्लायरने पलीकडच्या टोकाला धरून फिरवला की निघतो.

आणि कुठल्या दिशेने फिरवायचा? पहिल्या वेळी मी हट्टाने उलटाच फिरवत होतो, डोक्याच्या बाजूने बाहेर काढायला. पण आता डोकं राहिलंय कुठे? तुकडा पुढे आवळत नेला तरी पलीकडून बाहेर पडतोच. शिवाय गंजलेलं टोक नटातून मागे ओढावं लागत नाही, ते नटाच्या बाहेरच असतं, बाहेरच राहतं. नटाची मागची बाजू उघडी असेल तर ‘पुढे’ हीच सोपी दिशा. मागे बंद पेटी असेल तर तुकडा आत पडून खडखडतो, तेव्हा लोहचुंबकाने काढायची सोय आधी बघून ठेवा.

हाताने निघाला नाही तर ड्रिल. सगळं अवलंबून आहे ते मध्य साधण्यावर, आणि तिथे हातावर विश्वास ठेवू नये. ब्रॅकेटचं डोक्याकडचं भोक नटाच्या बरोबर समोर असतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीच्या लेथवाल्याकडून मी बारा एमएमच्या गजाचा दोन इंची तुकडा घेतला आणि त्याला मधोमध पाच एमएमचं आरपार भोक पाडून घेतलं. तो त्या भोकात सरकवला की ड्रिलला आपोआप वाट मिळते. लांब ड्रिल घ्या, कोबाल्टवालं. बोल्टच्या डोक्यावर १०.९ (ताकदीचा ग्रेड) लिहिलेलं असेल तर साधं स्वस्त ड्रिल त्यावर नुसतं चकाकत राहतं. पाच एमएमला मिनिटाला साताठशे फेरे पुरे, आठ-दहा एमएमला पाचशेच्या आत. किस सलग निघाला पाहिजे. पूड निघत असेल तर एक तर वेग जास्त आहे किंवा दाब कमी.

माझा तुकडा आठ एमएमचं ड्रिल आत अडकलं तेव्हा त्याच्याबरोबर फिरला आणि पुढे सरकत पलीकडून पडला. ड्रिल साधं, उजव्या फिरकीचं. डोक्याच्या बाजूनेच काढायचा असता तर डाव्या फिरकीचं ड्रिल लागलं असतं.

इझी आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खुंटा. त्याबद्दल माझं मत कडू आहे. ते चांगल्या सैल तुकड्यासाठी असतं, आणि सैल तुकडा त्याच्याशिवायही निघतो. जाम तुकड्यात ते ठोकून पिळलं की काचेसारखं तुटतं, आणि ते इतकं कडक असतं की आपलं ड्रिल त्यावर चालत नाही. पहिल्या वेळी माझं तुटलं. वेल्डिंगवाल्या अण्णांना बोलावलं, ते खाली वाकून बघत म्हणाले, “काय करलालास बे? त्याच्या पोटात अजून एक मोडून ठेवलास की!” दीड तास छोट्या पंचने टिचून टिचून त्यांनी ते काढलं. मग तुकड्यावर वॉशर, त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरला, लाली उतरू दिली आणि पाना लावला. निघाला. वेल्डची आच बोल्टच्या पोटातून येते म्हणून हा उपाय चालतो. तुकडा कडेच्या बरोबरीत किंवा थोडा वर असेल तर ड्रिलआधी हेच करावं असं अण्णांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. फक्त वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या जागेजवळच लावा. चिमटा लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

आटे थोडे दुखावले असतील तर योग्य पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारून घ्या. माझ्या गाडीत १२ बाय १.२५ होता. साधा १२ बाय १.७५ चा टॅप सहज मिळतो आणि तोच घालून लोक नट कायमचा घालवतात.

पुन्हा पुन्हा का?

मी दोष बोल्टला देत होतो. खरं तर बुशच दर अडीच-तीन वर्षांनी फाटत होता, म्हणून बोल्टला हात लावायची वेळ येत होती. आणि बुश फाटत होता कारण गाडी वर असताना, चाक खाली लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला जात होता. या बुशात बोल्टभोवती काही फिरत नाही. बोल्ट ब्रॅकेटला नळीवर दाबून धरतो, नळी स्थिर राहते, आणि आर्म वरखाली होतो तो रबर पिळवटून. चाक लोंबकळताना आवळलं की तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. मग गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर चोवीस तास पिळलेलं. बोल्ट आधी हाताने बसेल इतकाच लावायचा, चाकं जमिनीवर टेकवायची (किंवा आर्मखाली जॅक देऊन गाडीच्या वजनावर आणायचं), गाडी दोन-तीनदा दाबून हलवायची आणि मग टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचं.

कॉपर ग्रीस दांड्याच्या सपाट भागावर, पातळ. आट्यांवर नको, कारण मॅन्युअलचा आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो आणि ग्रीस असलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. नळीच्या टोकांवर आणि ब्रॅकेटच्या आतल्या अंगावर तर अजिबात नको, तिथे पकड घर्षणावर असते. बोल्ट त्याच ग्रेडचा घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट पत्र्याच्या गेटला ठीक आहे.

आणि धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारणं बंद करा. पत्र्याला बरं वाटतं, पण बुशचं रबर ते पिऊन फुगतं आणि लिबलिबीत होतं.

जाता जाता आणखी दोन सोप्या गोष्टी सांगतो. स्टॅबिलायझर लिंकचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला जोडणाऱ्या छोट्या काडीचा) नट फिरताना स्टडही फिरत असेल तर झटापट करू नका, ग्राइंडरने कापा, लिंक स्वस्त असते. बॉल जॉइंटला नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या भागात) धरणारा पिंच बोल्ट जाम असेल तर तिथे बुश नाही, आच देता येते, पण एबीएस सेन्सर आधी काढा आणि नकलची फट छन्नीने फाकवू नका.

काम झाल्यावर अलाइनमेंट केलं, शंभरेक किलोमीटरनंतर बोल्टवर मारलेली पिवळी रेघ जागेवर आहे का ते बघितलं. आहे. उजव्या बाजूचा बोल्ट गाडी घेतल्यापासून एकदाही उघडलेला नाही. बुश अजून चांगला आहे, पण परवाच त्याचं टोक ब्रशने घासून सुताचा पीळ गुंडाळला आणि पहिलं तेल सोडलं.